बंदुकीचे पत्रक

पत्रक लिहिणे हा लेखनाचा सर्वांत अवघड प्रकार असावा, असे माझे मत होत चालले आहे. कादंबरी वाचणारा माणूस निदान बसलेला असतो. पत्रक घेणारा उभा असतो, घाईत असतो आणि त्याच्या एका हातात दुधाची किटली असते. दोन ओळी वाचून त्याने कागदाचा बोळा केला, की तिसऱ्या ओळीत तुम्ही केवढे शहाणपण मांडले होते हे जगाला कधीच कळत नाही. शिवाय पत्रक वाटणाऱ्याची इच्छा असते की वाचणाऱ्याचे रक्त तापावे. वाचणाऱ्याला मात्र हवे असते काहीतरी कामाचे. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, पदरात काय पडणार. या ओढाताणीत बिचाऱ्या पत्रकाचा जीव जातो.

हे सारे सुचण्याचे कारण, आमच्या पाबळच्या चार तरुणांनी माझ्यावर टाकलेले एक काम. पाबळहून शिरूरच्या तहसील कचेरीपर्यंत पायी मोर्चा न्यायचा आणि मागणी एकच: शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळावा. वाटेतल्या गावांतून वाटायला पत्रके हवीत. जन्मभर पोरांना निबंध घालण्यात गेलेला मी मास्तर. "गुरुजी, तुम्हीच लिहा" असे म्हणून ते मोकळे झाले.

मागणीमागचे दुःख खोटे नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात, पिंपरखेड आणि जांबूतच्या बाजूला, तीन आठवड्यांत बिबट्याने तीन माणसे मारली. दोन लहान मुले आणि एक म्हातारी. लोकांनी रस्ते अडवले, वनखात्याची गाडी जाळली आणि शेवटी नेमबाज बोलावून एक बिबट्या ठार करण्यात आला. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात राबणाऱ्या बायकांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माणसाच्या गळ्यात तो पाहण्याची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. घोड-कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला, तो वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो, बिबट्याची मादी त्यातच विते आणि तिच्या पिलांना डोंगर म्हणजे काय हे ठाऊकही नसते. आमचे पाबळ त्या मानाने कमी पाण्याचे. पण बिबट्या काही पर्जन्यमान पाहून आपली हद्द ठरवीत नाही.

पोरांनी आपला एक मसुदा आणला होता. त्याची सुरुवात मस्तानीपासून! तिची कबर आमच्या गावात आहे, हे गाव बाजीरावाने तिला इनाम दिलेले, ती तलवार आणि भाला चालवी, सबब शस्त्र हा पाबळकरांचा वारसा. मी म्हटले, "बाबांनो, मस्तानी १७४० साली गेली. तिच्या तलवारीवर जिल्हाधिकारी परवाना कसा देणार?" मस्तानी गाळली. त्याबद्दल एकाचे तोंड दोन दिवस उतरलेले होते.

पण इतिहास अगदीच टाकवेना, कारण त्यात एक मोठी मौज आहे. व्हाइसरॉय लिटनने १८७८ साली दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. कागद आणि बंदूक या दोन वस्तूंचे सरकारला एकाच वर्षी भय वाटले! पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी आपला पहिला दरोडा घातला तो आमच्या शेजारच्या धामारीत. कागदावरचे कुलूप रिपनने आपल्या कारकिर्दीत काढले. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही टिकला. त्याच्या जागी स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम आला तो १९५९ साली.

आणि बंदुकीवरचे सर्वांत गाजलेले पत्रक कोणी लिहिले असेल? महात्मा गांधींनी. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात ते सैन्यभरतीसाठी पायपीट करीत होते. त्या वेळच्या पत्रकात त्यांनी लिहिले की एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे इंग्रजी राज्याच्या पापांतले सर्वांत काळे पाप होय. तो रद्द व्हावा असे वाटत असेल तर भरती व्हा आणि शस्त्र चालवायला शिका. अहिंसेच्या पुजाऱ्याने असे लिहावे याचे पोरांना भारी नवल वाटले. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या पत्रकात हक्काच्या शेजारीच त्याची किंमतही लिहिलेली आहे. भरतीला फारसे कोणी आले नाही, हे खरे. पण पत्रकाने कोणाला फसवले नाही.

मी ठरवले, आपल्याही पत्रकात किंमत लिहायची. इथून भांडणाला तोंड लागले.

पहिली गोष्ट, परवाना तहसीलदार देत नाहीत. आपल्याकडे तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. तेव्हा शिरूरला निवेदन द्यायचे ते त्यांच्यामार्फत पुण्याला पाठवण्यासाठी, आणि पत्रकात तसे साफ लिहायचे. दुसरी, कायद्यात शेतकऱ्याचा विचार नाही असे म्हणता येत नाही. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी गुळगुळीत नळीची लांब बंदूक, या दोन्हींची सोय १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. अर्ज, पोलिसांचा अहवाल, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. इथपर्यंत पोरे माना डोलवीत होती.

मग मी तिसरे लिहिले. परवान्याची बंदूक हाती आली म्हणजे बिबट्या मारण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे बिबट्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. माणसांना धोकादायक झालेला बिबट्या मारायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा हुकूम लागतो, आणि तोही तो पकडता येत नाही अशी त्यांची खात्री झाल्यावर. अंगावर आलेल्या जनावराला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी मारले तर तो गुन्हा नाही. पण गोठ्याबाहेर बसलेल्या, बांधावरून चाललेल्या बिबट्यावर गोळी झाडली तर तुरुंग आहे. शिवाय निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आचारसंहिता बिबट्याला लागू नाही!

"गुरुजी, हे छापलं तर मोर्चाला कोण येईल?" एक जण म्हणाला.

प्रश्न रास्त होता. पण मी त्याला उलट विचारले, की हे न छापता कोणी बंदूक घेतली आणि बांधावरचा बिबट्या मारून तुरुंगात गेला, तर त्याच्या बायकोला तू काय सांगशील? तो गप्प बसला. ते कलम राहिले.

त्याच सुमारास मी घटना उघडून बसलो होतो. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये तोच घटनेत घालावा म्हणून ह. वि. कामतांनी घटना समितीत दुरुस्ती आणली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन हत्यार विकत घ्यावे अशी मोकळीक दिली तर राज्य चालायचे कसे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला विचाराल तर आंबेडकरांचेच बरोबर होते. परवाना मागावा, लायक असेल त्याला तो वेळेवर मिळावा, पण त्याला जन्मसिद्ध हक्क म्हणू नये. म्हणून 'हक्क' हा शब्द मी शीर्षकातून काढला आणि तिथे 'मागणी' लिहिले. गंमत अशी की घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने हक्क दिला आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. म्हणजे बंदुकीसाठी निघालेल्या मोर्चाला रिकाम्या हातांनी चालणे भाग! पत्रकात ठळक अक्षरांत घातले: कोणीही कोयता, भाला, कुऱ्हाड बरोबर आणू नये. "आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या?" असे पोरांनी विचारले. पोलिसांना आधी विचारून घ्या, एवढेच मी सांगितले.

मसुदा पुरा झाल्यावर मी तो शेजारच्या कोंडाआत्यांना वाचून दाखवला. त्यांना अक्षरओळख नाही, आणि पत्रकाची खरी परीक्षा तिथेच होते. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "समदं खरं हाय, गुरुजी. पर रातच्याला दारं धरायला जातंय त्याच्या एका हातात बॅटरी आन् एका हातात फावडं. बंदूक धरायची कशानं? आन् अंगणातलं लेकरू उचललं तर बंदूक माळ्यावरच की! लाईट दिवसा द्या म्हनावं."

गेली कित्येक वर्षे शेतीपंपांना वीज पाळीने येते आणि त्यातली एक पाळी रात्रीची असते. माणूस मध्यरात्री उसात उतरतो तो हौसेने नव्हे, तर वीज त्या वेळी आली म्हणून. बिबट्या आणि माणूस यांच्या वेळा जुळवून देणारे हे वेळापत्रक कचेरीत बसून होते. ते बदलायला गोळी लागत नाही. दिवसा वीज मिळाली म्हणजे सारे संकट टळेल असे नाही, अंगणातल्या लेकरावर नजर ठेवावीच लागेल. पण रात्री रानात जाणारी माणसे तरी घरी निजतील.

पत्रक पुन्हा लिहिले. दिवसा वीज ही पहिली मागणी झाली, परवाना दुसरी. संध्याकाळी मुलांना एकटे सोडू नये, वस्तीभोवती दिवा असावा, बिबट्या दिसला तर पाठ करून पळू नये, वनखात्याला १९२६ वर कळवावे, हेही आले. पोरांपैकी दोघांना हा क्रम अजून पटलेला नाही. त्यांच्या मते बंदूक म्हटले की लोक थांबतात, वीज म्हटले की पुढे जातात. आणि लोकांचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे, हे मी मान्य केले. मागची बाजू कोरी राहत होती. तिथे त्यांच्यातल्याच एकाने ओळी आखल्या: वस्तीचे नाव, रात्रीच्या पाळीचे वार, रात्री रानात जाणारी माणसे किती. भरलेले कागद निवेदनाला जोडायचे. पहिला कागद कोंडाआत्यांच्या नातवाने भरला. शेवटच्या रकान्यात त्याने आधी 'दोन' लिहिले, मग थोडा विचार करून 'तीन' केले. तिसरी त्याची आई, बॅटरी धरायला जाते.