एकशे एकोणीस पाने

आमच्या घरी गंजिफांची एक लाकडी पेटी होती. झाकणावर लाल जमिनीवर वेलबुट्टी, आत दशावतारी गंजिफा: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, मिळून १२० वाटोळी पाने. दिवसा रामाने डाव उघडायचा, रात्री कृष्णाने. आजोबा बहुधा रात्रीच खेळत, त्यामुळे लहानपणी राम मला थोडा बिनकामाचा वाटे!

वाटोळे पान हाती आले की पोराला भिंगरी सुचणारच. मी कूर्माच्या सत्तीला दोन भोके पाडली, दोरा ओवला आणि ती तुटेपर्यंत फिरवली. आजोबांनी हात उगारला नाही. तुकडे हातात घेऊन एवढेच म्हणाले, "डाव मोडलो रे झिला." पेटी फळीवर गेली ती त्यांच्या हयातीत खाली आली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलो. चितारअळीतली लाकडी फळे नि खेळणी पूर्वीपासून ठाऊक होती. गंजिफा मात्र छापील पत्त्यांपुढे टिकल्या नव्हत्या. जुन्या रीतीने कापड चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटायचा, रंगवायचे, मग लाख. इतके करून हाती काय, तर पत्त्यांचा एक जोड! पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडे ती विद्या उरली होती. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी त्यांच्यापाशी बसून ती शिकले, आणि १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा उद्योग उभा राहिला. दरबारात चित्रकार मांडी घालून बसू लागले. राणीसाहेब २०१८ साली गेल्या.

आज घेणाऱ्यांपैकी खेळणारे थोडेच. पेटी दिवाणखान्यात मांडायची, पाहुण्याला झाकण उघडून दाखवायची. मला आधी याचा राग आला. मग वाटले, खेळ कुणी विकत घेत नाही म्हणून निदान पेटीने तरी त्या कुंचल्यांना भाकर घातली. राग मात्र पुरता गेला नाही.

मी एकच पान मागितले. रंगवणाऱ्या बाई हसल्या. "सुटं पान कोण मागत नाही हो! जुनं काही आणलंय?"

मी खिशातली कूर्माची आठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, पाठीवरून अंगठा फिरवला. "कासवं जमतील. हा रंग नाही जमायचा. हा हातांनी झालाय."

सत्ती आली. कासवे हुबेहूब होती. नातवंडांना घेऊन डाव मांडला, पाने पालथी वाटली, आणि धाकटी लगेच ओरडली, "आजोबा, ते चकचकीत पान तुमच्याकडे गेलं!"