मिसिंग की नॉकिंग?

टर्बो गाडीचं वेड म्हणजे काय, हे ती न चालवलेल्या माणसाला सांगून कळत नाही. दोन हजार आरपीएमपर्यंत सगळं शांत, आणि मग कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी सुटते. माझी गाडी २००६ सालची. चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो. मामानं हौसेनं घेतलेली, नंतर माझ्याकडे आलेली. ऑफिसमधले लोक नव्या एसयूव्हीचे हप्ते मोजतात, मी हिचे आवाज मोजते!

गेल्या एप्रिलमध्ये हे आवाज जरा जास्तच वाढले. मामाकडे साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या चढावर गाडी आधी आचके द्यायला लागली. मग पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा कडकड आवाज. आणि इंजिनाचा पिवळा दिवा चक्क लुकलुकायला लागला. मी गाडी बाजूला घेतली आणि टो करून पुण्याला आणली.

पहिल्या गॅरेजचा निकाल दोन मिनिटांत. "मॅडम, इंजिन खोलावं लागेल. लाख-सव्वा लाख धरून चाला. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." मिस्टर अजून मिळायचे आहेत, आणि सव्वा लाखही! शिवाय वीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च म्हणजे सरळ भंगारात काढण्याचा सल्लाच. मामाला काय सांगणार होते?

शेवटी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्यानं एका मेस्त्रीकाकांकडे पाठवलं. काकांनी बॉनेटला हातही न लावता विचारलं, "मिसिंग मारते की नॉक करते?"

"दोन्हीत फरक काय, काका?"

"मिसिंग म्हणजे आग लागतच नाही. नॉकिंग म्हणजे नको तिथं, नको तेव्हा लागते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही."

म्हणजे कसं, की मिसफायरमध्ये एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. दिवा लुकलुकतो तो त्यासाठीच. हे कच्चं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि त्याला भाजून काढतं. नॉकिंगमध्ये ठिणगी पडते, आग पसरू लागते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकतं. पिस्टनवर जणू हातोडे बसतात. पिस्टन फुटू शकतो. हे टर्बोचं जुनंच दुखणं. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकन टर्बो गाडीत नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडत!

गंमत अशी, की दोन्ही आजार चढावरच दिसतात. टर्बोनं हवा दाबून भरली की ठिणगीला फट ओलांडणं जड जातं. म्हातारी कॉइल सिग्नलला गुपचूप चालते आणि घाटात मान टाकते.

काकांनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. त्यांनी तिसरी कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिली तिसऱ्यावर. गाडी परत पळवली. कोड झाला पी ०३०१! आजार कॉइलबरोबर सरकला, म्हणजे चोर कॉइलच. तपासणीचा खर्च शून्य.

मग चारही प्लग टेबलावर मांडले. तिसरा काळा, पेट्रोलनं ओला. त्यावर मिसिंगची सही होती. पण बाकीचे तीन पांढरेफटक, आणि एकावर चिनीमातीवर मिरीपुडीसारखे बारीक ठिपके. काकांचा चेहरा उतरला. "ही नॉकिंगची खूण. कॉइल बदलून भागणार नाही."

नवी कॉइल, नवे प्लग टाकून दुपारच्या उन्हात कात्रजचा घाट चढलो. आचके गेले, कडकड तशीच. स्कॅनरवर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवायला धडपडत होता, आणि नॉक सेन्सरचं ऐकून ठिणगी उशिरा पाडत होता. मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग काकांनी फ्युएल लाइनला प्रेशर गेज लावला. बूस्ट वाढला की हा दाबही वाढायला हवा. आमचा काटा खाली येत होता! दमलेला पंप आणि चोंदलेला फिल्टर.

आत्ताच का? काकांचा तर्क पेट्रोलवर. २०२५पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं, त्यामुळे नॉकिंगला ते उलट आवरच घालतं. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त लिटर लागतात. तरुण पंप ते पुरवतो, थकलेल्याचं पितळ उघडं पडतं.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखं निघालं, म्हणजे पिस्टन शाबूत. कॉइल, प्लग, पंप, फिल्टर आणि मजुरी धरून बिल झालं साडेसतरा हजार. त्याच महिन्यात मामाला शेजारी बसवून महाबळेश्वरला नेऊन आणलं. पसरणी घाटात तो एक शब्द बोलला नाही, फक्त कान देऊन ऐकत होता.

तुमच्याकडेही अशी एखादी म्हातारी असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. दिवा लुकलुकला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. कडकड ऐकू आली की एक गिअर खाली घ्या, इंजिनावरचा भार कमी करा. पावसाळी सकाळी त्रास जास्त तर संशय कॉइलवर, रणरणत्या दुपारी जास्त तर नॉकिंगवर. आणि कुणी दोन मिनिटांत "इंजिन खोला" म्हणालं, तर पाकीट काढायच्या आधी एवढंच विचारा: मिसिंग की नॉकिंग?