मांड पक्की होताना

नाशिकला घोडेस्वारीचं नवल नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 साली सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलची मुलं घोड्यावर बसतात आणि त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत फौजदार होणाऱ्यांनाही रपेट चुकत नाही. मी मात्र चाळिशी उलटल्यावर शिकायला गेले.

घोडी चालीवर असेपर्यंत सगळं छान. दुडकी सुरू झाली की माझे गुडघे खोगिराला आवळले जायचे, आणि जितके आवळावेत तितकी मी वर उडायचे. संध्याकाळी कंबर धरलेली. लष्करातून निवृत्त झालेले आमचे उस्ताद म्हणाले, "ताई, तुमचं वजन एका अंगाला पडतंय. घोडी बिचारी तिकडे वळणारच." फिजिओथेरपिस्टने तपासलं, मणके ठीक होते, पोटाचे आणि ओटीपोटाचे आतले स्नायू कमजोर होते. त्यांनी पिलाटीज हा व्यायामप्रकार सुचवला.

शिकवणारं कोण, हा खरा प्रश्न. ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटीस हे जर्मन गृहस्थ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना आइल ऑफ मॅनच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी ही पद्धत शिकवली. 2000 साली अमेरिकन न्यायालयाने ठरवलं की या नावावर कुणाचीच मालकी नाही. तेव्हापासून पाटी लावायला कुणालाच आडकाठी उरली नाही. दोन दिवसांच्या शिबिराचंही प्रमाणपत्र मिळतं, आणि साडेचारशे तासांचा, शरीररचना, निरीक्षण, देखरेखीखाली शिकवणं आणि परीक्षा असा पूर्ण अभ्यासक्रमही असतो. भिंतीवर दोन्ही कागद सारखेच दिसतात. म्हणून मी सरळ विचारत गेले: कुठे शिकलात, किती तास, फक्त मॅटवरचे व्यायाम की रिफॉर्मर हे यंत्रही?

एका ठिकाणी पाठीबद्दल अवाक्षर न विचारता मला थेट रिफॉर्मरवर झोपवलं. मी उठून आले.

गंगापूर रोडवर शिकवणाऱ्या बाईंनी आधी फिजिओचा कागद वाचला. "मी कधी घोड्यावर बसलेले नाही," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि एका सकाळी मैदानावर येऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. घोडीकडे नाही, माझ्या पाठीकडे बघत. दुसऱ्या दिवशी मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "एक पाय अलगद उचला." उजवा उचलला, काही नाही. डावा उचलताच त्यांच्या बोटांखालचं हाड कलंडलं. घोडीला रोज कळत होतं ते मला तेव्हा कळलं.

शिकवणारी व्यक्ती स्वार असलीच पाहिजे असं मला वाटत नाही. दुडकीत घोड्याची पाठ दर पावलाला उसळते आणि तो धक्का कमरेनेच झेलायचा असतो, मांड्यांनी नव्हे, एवढं तिला उमगायला हवं. आणि दुखलं तर थांबवायला हवं. बाईंनी मला दोनदा परत फिजिओकडे पाठवलं.

गुडघे अजून मधूनच आवळतात, पण कंबर धरत नाही. उस्तादांनी आता रिकिबी काढून घेतल्यात. पिलाटीजच्या मोठ्या वर्गाची फी निम्म्याहून कमी आहे, तरी सुरुवातीला एकट्याने शिकावं असंच मी मैदानावरच्या सगळ्यांना सांगते. घोळक्यात कमरेवर बोटं ठेवायला कुणाला सवड नसते.