ड्रमवाल्याचं पुस्तक

रात्री जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' पुन्हा लावली. ध्वनिमुद्रण १९५९चं. सगळे सॅक्सोफोनवर फिदा. माझे कान आर्ट टेलरच्या ड्रम्सवर. एवढ्या जीवघेण्या लयीतही हा गडी ठेका हलकाच ठेवतो.

पुढे युरोपात राहायला गेलेल्या याच माणसाने टेपरेकॉर्डर घेऊन माइल्स डेव्हिस, निना सिमोन, मॅक्स रोच अशा कितीतरी संगीतकारांना बोलतं केलं. त्या मुलाखतींचं 'नोट्स अँड टोन्स' हे पुस्तक १९७७मध्ये स्वतःच छापलं. समीक्षकापुढे जे मोजूनमापून बोलले असते, ते याच्यापुढे मोकळे झाले: पैसा, वर्णद्वेष, पियानोवादक बड पॉवेलची आठवण. प्रश्न बहुधा एका ओळीचे. साथीदारच तो, समोरच्याला जागा देणार! नामवंतांच्या आत्मचरित्रांपेक्षा मला हे पुस्तक कितीतरी खरं वाटतं. निना सिमोनची मुलाखत उद्या परत वाचणार आहे.