फळीवरचं नाशिक

नाशिकचा माणूस रेल्वेचं मॉडेल करायला बसला की त्याच्या मनात पहिल्यांदा कसारा घाट उभा राहतो. साहजिकच आहे. मुंबईला जाता-येता हा घाट आपण लहानपणापासून बघत आलोय. कसाऱ्याला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिनं लागायची, एक हलकासा धक्का बसायचा आणि चढण सुरू व्हायची. बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं एका सुरात ओरडायची. आजही ओरडतात. 1865 साली हा मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. चढ 37 ला एक, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्याकडच्या ब्रॉडगेजवर इतका उभा चढ फार थोड्या ठिकाणी आहे. वाटेत एहेगावचा पूल लागतो, दरीच्या तळापासून जवळपास 180 फूट उंच. हे सगळं घरात असावं असं कुणाला वाटणार नाही?

आता हिशेब मांडू. जगात सर्वांत जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. कसारा ते इगतपुरी हे साधारण 15 किलोमीटरचं अंतर या प्रमाणात 170 मीटरच्या वर जातं. त्याहून लहान एन प्रमाण, 1:160, घेतलं तरी 94 मीटर. घाटाची चढण सुमारे 300 मीटर आहे. एन प्रमाणात तीसुद्धा पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, म्हणजे कसारा जमिनीवर ठेवला तर इगतपुरी आपल्या डोक्यावर येणार. एहेगावचा पूल तेवढा टेबलावर मावेल, 34 सेंटिमीटर. इंदिरानगरात किंवा सिडकोत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या माणसानं हे आकडे एकदा कागदावर लिहून काढावेत आणि घाट शांतपणे मनातून उतरवावा. कोपऱ्यात कोंबलेला घाट घाटासारखा दिसत नाही. दर दोन हातांवर बोगदा येतो, डोंगराला पायथाच उरत नाही आणि गाडी आपल्याच शेपटीमागे धावत राहते.

खरं तर लहान जागेत मोठी गोष्ट कशी मांडायची, हे मराठी घरात शिकवावं लागत नाही. दिवाळीत सोसायटीच्या जिन्याखाली किल्ला करणारी मुलं बघा. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल एवढ्यावर ती प्रतापगड उभा करतात, पण अख्खी जावळी करायला जात नाहीत. एक बुरूज, एक दरवाजा, वर सिंहासन, उतारावर पेरलेले हळीव आणि पायवाटेवर चढणारे मावळे, बस. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्यांना बरोबर कळतं. रेल्वेच्या मॉडेलमध्ये मोठी माणसं पैसे खर्चून वर्षानुवर्षं हेच शिकत असतात.

जागा असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी लघुरेल्वेचं संग्रहालय उभं केलं आणि 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. तिथं एक अख्खं शहर आहे: पूल, रस्ते, सर्कस, सिग्नल, आणि या सगळ्यामधून धावणाऱ्या गाड्या. दिवे मंद होतात, शहरावर रात्र उतरते आणि घराघरांत दिवे लागतात, तेव्हा मुलांइतकेच त्यांचे आजोबाही गप्प होतात. एका माणसाच्या छंदानं इतकं मोठं काम केलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नाशिककरांनी मुलांना घेऊन तिथं जरूर जावं. पण तिथून परतताना आपल्या घरात तसंच करायचं मनात धरू नये. ते दालनाचं काम आहे. आपल्याकडे भिंतीवरची एक फळी आहे.

फळीवर काय मावेल? त्यासाठी थोडं रुळांच्या रुंदीत शिरावं लागतं आणि मला हा भाग फार आवडतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. एचओ प्रमाणात ती 19.3 मिलिमीटर व्हायला हवी. पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ 16.5 मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. म्हणून त्यांच्यावर उभी केलेली पंचवटी एक्सप्रेस कितीही सुंदर रंगवली तरी समोरून पाहताना अरुंद पायांवर उभी असल्यासारखी वाटते. बहुतेकजण ही तडजोड स्वीकारतात, त्यात गैर काही नाही. पण अडीच फुटी नॅरोगेज घ्या, 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं की येतात 8.76 मिलिमीटर आणि एन प्रमाणाचा तयार रूळ असतो 9 मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना कळणारही नाही. म्हणजे ज्या भारतीय रेल्वेचं मॉडेल तयार रुळांवर जवळजवळ अचूक बसतं, ती आहे अडीच फुटी. आणि अडीच फुटी गाडी आपल्या नाशिकमध्येच होती.

नाशिकची ट्राम 1889 साली बांधली गेली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून निघून ती नाशिकरोड स्टेशनला पोचायची, आठ-दहा किलोमीटर. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. स्टेशन गावापासून लांब आणि मधला पट्टा त्या काळी रानाचा. आज द्वारका ते नाशिकरोड या रस्त्यावर सिग्नलला अडकलेल्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. या ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ज्यांच्या नावानं ओळखली जाते तेच हे गृहस्थ. वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी बार्शी लाइट जगभरच्या नॅरोगेजप्रेमींना ठाऊक आहे. तिची रुंदीही अडीच फूटच होती. ट्राम मात्र दुष्काळ आणि प्लेगाच्या वर्षांत तोट्यात गेली आणि 1931 ते 33 च्या दरम्यान बंद पडली.

ही ट्राम पाच फुटांच्या फळीवर सुरेख बसते. प्रमाणात तिचा मार्ग शंभर मीटरच्या आसपास भरतो, म्हणून सगळा मार्ग करायचाच नाही. डाव्या टोकाला स्टेशनाबाहेरचं आवार, उजव्या टोकाला मेन रोडचे वाडे आणि मध्ये झाडी. झाडीच्या मागे भिंतीलगत एक लपवलेला रूळ ठेवायचा. नाटकातल्या विंगेसारखा त्याचा उपयोग होतो: स्टेशनावरून निघालेली ट्राम झाडीत शिरते, थोडा वेळ आत थांबते आणि मग गावात प्रवेश करते. हा आतला थांबा फार महत्त्वाचा. तो नसेल तर स्टेशनावरून सुटलेली गाडी पुढच्याच क्षणी गावात दिसते, आणि मधलं रान कुणाला जाणवतच नाही.

वाड्यांना खोली लागत नाही. दर्शनी भिंत, ओटा, लाकडी खांब, वरचा सज्जा, सगळं मिळून दोन सेंटिमीटर जाडीत बसतं. मागे भिंतच असते. स्टेशनाच्या बाजूला ब्रॉडगेजचा एक वीतभर तुकडा मात्र हातानं टाकावा, खरा 19.3 मिलिमीटरचा. त्यावर काही धावायला नको, एक मालडबा उभा असला की पुरे. त्या रुळाशेजारी 9 मिलिमीटरचा रूळ आला की ट्राम किती चिमुकली होती ते कुणी न सांगता कळतं.

आता घोड्यांबद्दल. दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा घोडा गाडी ओढू शकत नाही, त्यामुळे मोटर डब्याच्या तळाशी बसवतात आणि डबाच घोड्यांना पुढे ढकलतो. जोडीच्या पोटाखाली एक बारीक चाक असतं आणि खूर रस्त्यापासून केसभर वर उचललेले ठेवतात, म्हणजे ते घासत नाहीत. ट्रामचा वेग घोड्याच्या दुडक्या चालीचा, म्हणून मोटरला दातेरी चाकांची मोठी उतरण द्यावी लागते. बहुतेक मॉडेलं या एका गोष्टीत हरतात. गाडी फार जोरात पळते आणि पाच फूट दोन सेकंदांत संपतात. सावकाश चालणारी गाडी लहान जागा मोठी करते. मुलाला नवं इंजिन घेऊन देणाऱ्या आईबापांनीही हे लक्षात ठेवावं: वेग किती जास्त आहे ते पाहू नका, किती कमी वेगात ते न अडखळता चालतं ते पाहा.

ज्याला शंटिंगची आवड आहे त्यानं नाशिकरोडच्याच मालधक्क्याकडे बघावं. पूर्वी तिथं सुटे चारचाकी डबे लागायचे आणि निघायचे. पुढे रेल्वे पूर्ण रेकच्या वाहतुकीकडे वळली आणि एकेक डबा जोडण्या-सोडण्याचं काम आटलं. इंग्लंडमध्ये ॲलन राइट नावाच्या गृहस्थांनी अशाच छोट्या यार्डावरून एक कोडं रचलं. एक रूळ पाच डब्यांचा, दोन रूळ तीन-तीन डब्यांचे, दोन सांधे आणि एकूण आठ डबे. त्यांतले पाच डबे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमानं लावून द्यायचे. क्रम किती निघतात? 6720. चार-साडेचार फुटांत आयुष्यभर पुरेल एवढं काम! डबे रिकामे न ठेवता त्यांना लासलगावचा कांदा, निफाडची साखर अशी नावं द्या. मग खेळणारा सांधेवालाही होतो आणि स्टेशनमास्तरही.

पण माझा जीव ट्रामवर आणि त्याहूनही तिच्या रुळांखालच्या खडीवर. ही खडी बाहेरून मागवायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातला काळा पाषाण क्रशरवर फुटतो, त्याची कच बांधकामाच्या कुठल्याही साइटजवळ मिळते. ती आधी पिठाच्या चाळणीतून काढायची, मग खाली पडलेली चहाच्या गाळणीतून. गाळणीत जी उरते ती आपली. बसाल्टमध्ये लोहाचं खनिज असतं, म्हणून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या कचेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचं. दर खेपेला कागदाला काळी लव चिकटून येते. ती राहू दिली तर इंजिनाच्या मोटरला चिकटणार. मग स्लीपरांच्या मधल्या फटींत कोरडी कच मऊ ब्रशनं बसवायची, रुळाच्या माथ्यावर एक कण राहता कामा नये. भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं, म्हणजे पुढचा गोंद दाण्यांवर थेंब धरून न बसता आत मुरतो. शेवटी निम्मं फेविकोल आणि निम्मं पाणी ड्रॉपरनं सोडायचं. त्या वेळी सगळं पांढरं, चिकट दिसतं आणि काम बिघडलं असं वाटतं. सकाळी मात्र दूध नाहीसं झालेलं असतं आणि गोदावरीच्या खोऱ्यातली काळी खडी तेवढी उरते. सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ द्यायचा नाही, ही एकच काळजी. हे काम करताना हात आपोआप संथ होतो आणि त्यातच त्याचं सुख आहे.

माझ्या फळीवर सध्या एवढंच आहे: रूळ, खडी, झाडी आणि मेन रोडचे दोन वाडे. घाटाची मला आता ओढ राहिली नाही. तो खिडकीतून बघायला आहे, पंचवटीचं तिकीट काढलं की झालं. ट्राम मात्र बघायला कुठंच नाही. तिचे रूळ गेले, घोडे गेले, आणि तिच्यावरून रोज येणारी-जाणारी पिढीही गेली. जी गाडी अजून धावते तिच्या आधी, जी धावत नाही तिला घरात जागा द्यावी असं मला वाटतं.

म्हणून जुन्या नाशिककरांना एक विनंती. मेन रोड, भद्रकाली, रविवार कारंजा, नाशिकरोड या भागांतल्या जुन्या घरांच्या पेटीत, माळ्यावर, आजोबांच्या वहीत ट्रामचा एखादा फोटो असेल, तिकीट असेल, डब्याचा रंग किंवा भाडं यांविषयी लिहिलेली ओळ असेल, तर ती टाकून देऊ नका. मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा, पण तिची एक प्रत 1840 पासून या गावाची पुस्तकं सांभाळणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाकडे नेऊन द्या.