नावावरचं पुस्तक

आमच्या कॉलेजात शिपाई, लॅब अटेंडंट, मेसवाले सगळेच मामा. पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की ते ग्रंथालयातले. काउंटरमागे उंच स्टुलावर बसलेले, चष्मा कपाळावर, तारखेचा शिक्का हाताशी. भोरकडच्या खेड्यातले, सातवी शिकलेले. आज मी जे काही जगतो आहे, ते त्यांचं देणं आहे.

२००३ चा पावसाळा. त्याआधी बार्शीहून पुण्याला मेकॅनिकलला आलो तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. दुसऱ्या वर्षी गणिताच्या एम-थ्रीसकट विषय राहिले आणि इयर डाऊन झालो. घरी सांगितलं नाही. पण केवळ निकालामुळे मी खचलो, हे खरं नाही. त्याच्या कितीतरी आधी झोप उडाली होती. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. कॉट बेसिसच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. मेसचं ताट तसंच सोडून उठायचो. आंघोळीला उठणंसुद्धा जिवावर यायचं. हा आजार असतो, त्याला औषध असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण नालायक आहोत, एवढंच मनानं घेतलं होतं.

एका गुरुवारी सकाळी सगळी पुस्तकं परत केली आणि डिपॉझिट परत मिळण्याचा फॉर्म भरून दिला. मामांनी तो वाचला आणि पालथा ठेवला. “ड्राफ्टर बी देऊन टाकलास म्हणं त्या पोराला?” दिला होता. एप्रनसुद्धा. मामा काउंटरची फळी उचलून बाहेर आले, माझ्या अगदी जवळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात हाय का, बाळा?”

असं विचारलं तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात शिरेल, ही आपल्याकडची मोठी भीती. मानसोपचारातली माणसं नेमकं उलट सांगतात: सरळ विचारा. मला तर तो प्रश्न ऐकून कित्येक दिवसांनी कुणीतरी दार उघडल्यासारखं वाटलं. मी ‘हो’ अशी मान हलवली.

मामांनी आईबापाचा विचार कर असं म्हटलं नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. कपाटातून खुर्मीचं जाडजूड पुस्तक काढलं, माझ्या नावावर चढवलं, मागच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. “सात दिवसांनी आणून द्यायचं. तूच यायचं, दुसऱ्याच्या हाती धाडायचं न्हाई.” मग रजा टाकली, छत्री घेतली आणि पीएमटीनं मला ससूनला नेलं. केसपेपर त्यांनीच काढला. मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बाकावर माझा नंबर येईपर्यंत ते हलले नाहीत. त्या रात्री मला खोलीवर जाऊ दिलं नाही. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, त्यांच्या मुलाच्या शेजारी माझं अंथरूण घातलं. घरी फोनही त्यांनीच लावला, कोपऱ्यावरच्या पीसीओतून. वडील दुसऱ्या दिवशी आले आणि महिनाभर माझ्याजवळ राहिले. पेढ्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात. हे आठवडे फार वाईट असतात, कारण औषध चालू असतं आणि माणूस तिथंच असतो. मी दर गुरुवारी खुर्मी घेऊन जायचो. एक पानही वाचलेलं नसायचं. मामा शिक्का मारायचे, पुस्तक परत माझ्याच हाती द्यायचे. चिठ्ठीवर चार शिक्के झाले त्या आठवड्यात मी मेसमध्ये दुसरी पोळी मागून घेतली.

तेव्हा भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम होतं; जीव द्यायचा प्रयत्न केला तर गुन्हा. खोलीतल्या मुलांनी म्हणूनच तोंड मिटलं असावं. पुढं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरायचं, त्याला शिक्षा नको, उपचार द्यायचे, असं त्यात म्हटलं. १० ऑक्टोबर २०२२ ला सरकारची टेलिमानस सेवा सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. मला तेव्हा असं काही असतं तर, हा विचार मनात येतोच.

आता मी स्वतः शिकवतो. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. धोक्याच्या खुणा ओळखण्याचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा, शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. ‘शिक्षकेतर’ या शब्दावर माझे डोळे भरून आले. आमच्याकडे प्रशिक्षणाची यादी झाली तेव्हा तिच्यात फक्त प्राध्यापक होते. मी हट्टानं खाली नावं वाढवली: ग्रंथालयातले दोघे, हॉस्टेलचे रखवालदार, मेसच्या मावशी. पोरगं जेवलं नाही हे आधी मावशींना कळतं, वर्गावर ते कळत नाही.

२००६ ला पास झालो. नो ड्यूजचा कागद आणि डिपॉझिटचा फॉर्म घेऊन काउंटरशी गेलो. मामांनी माझ्या हातातला नवा फॉर्म बाजूला सारला आणि खणाच्या तळातून जुना काढला. माझ्याच अक्षरातला, २००३ चा. तो त्यांनी पुढं पाठवलाच नव्हता. तारीख खोडली, नवी घातली आणि ग्रंथपालांच्या सहीसाठी आत घेऊन गेले.