जयपूर गच्चीवर जाते तेव्हा

संक्रांतीच्या दिवशी जयपूरचे रस्ते ओस पडलेले दिसतात. बाजारात वर्दळ नाही, रिक्षावाल्यांना गिऱ्हाईक नाही. शहर गेले कुठे? मान वर केली की उत्तर मिळते. सगळे गच्चीवर आहेत!

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी शनिवारी अख्खे गाव स्टेडियमकडे लोटते. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. जयपूरलाही सवाई मानसिंह स्टेडियम आहे, पोलोचे मैदान आहे. पण तिथे खेळणारे थोडे आणि बघणारेच फार. १४ जानेवारीचा सामना वेगळा. त्याला तिकीट नाही, पंच नाही. आजोबांपासून नातीपर्यंत सगळेच खेळाडू.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेले जुने शहर या खेळासाठीच बांधले असावे असे वाटते. परकोट्यात घराला घर लागून, गच्चीला गच्ची भिडलेली. पतंगाचा षौक इथे रुजवला तो महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी, असे जयपूरकर सांगतात.

सकाळी गलताजीच्या कुंडात स्नान, दानधर्म, गाईला चारा. मग चरख्या घेऊन मंडळी वर. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, स्पीकरवर सिनेमाची गाणी. शेजारच्या गच्चीवरचा पतंग गोता खाऊ लागला की "वो काटा!" अशी आरोळी उठते आणि थाळ्या वाजतात. आपल्या येवल्यात आसारी घेऊन तीन दिवस पतंग उडवणाऱ्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. फरक खाण्याचा. तिळगुळाऐवजी इथे तिळपट्टी, गजक, गरम डाळीची पकोडी आणि दुधात भिजवलेली फीणी. स्वयंपाकघरही जणू त्या दिवशी वरच आलेले असते. अंधार पडला की फटाके सुरू होतात आणि कागदी आकाशदिवे वर चढू लागतात.

सण हिंदूंचा, पण तो उडतो मुसलमान कारागिरांच्या हातांवर. हांडीपुऱ्यात बांबूची कामटी तासणारे, कागद चिकटवणारे हे बहुतेक मुसलमान. पिढ्यान्पिढ्या हेच काम. चार पैसे सुटतात ते याच हंगामात. नटनट्या, क्रिकेटवीर, पुढारी, सगळ्यांचे चेहरे पतंगांवर झळकतात आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी झाडाला लटकतात!

या खेळाला एक काळी किनार आहे. सुती मांजा ताण आला की तुटतो. बरेलीच्या मांजाची ख्याती त्याच्या धारेची. बाजारात 'चायनीज' म्हणून मिळणारा नायलॉनचा मांजा मात्र तुटतच नाही. तो दुचाकीस्वाराचा गळा चिरतो, पक्ष्यांचे पंख कापतो. धातूची भुकटी लावलेला असेल आणि विजेच्या तारेला लागला, तर पतंग उडवणाऱ्यालाच झटका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये असा मांजा देशभर बंद केला. तरीही तो चोरून विकला जातो, कारण स्वस्त पडतो आणि पेच जिंकून देतो. जिंकण्याची ही कसली हौस! पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात त्या वेळी, म्हणजे सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, पतंग उडवू नयेत असा आदेश प्रशासन काढते. ऐन रंगात आलेला पेच घड्याळ बघून सोडणारे थोडेच. म्हणून स्वयंसेवक ठिकठिकाणी जखमी पक्ष्यांसाठी शिबिरे मांडतात. कबुतरे, घारी, पोपट खोक्यांतून आणले जातात. आणून देणारी बरेचदा पतंग उडवणारीच मुले असतात.

हे सारे बघायचे तर मुंबई सेंट्रलहून रात्रभराचा रेल्वेप्रवास आहे. आरक्षण आधी करावे आणि उतरायला परकोट्यातले गच्ची असलेले घर निवडावे. थंडी चांगलीच असते. मुलांना स्वेटर हवाच. त्या दिवशी स्कूटरवरून फिरायची वेळ आली, तर गळ्याभोवती जाड मफलर घट्ट गुंडाळून घ्यावा. जयपूरकरही तेच करतात.